चौकाचं ठरू द्या

सृष्टी निर्माण करायचं काम ब्रह्मदेवाऐवजी माझ्या साडभाऊंकडे आलं असतं, तर पृथ्वी आजही विचाराधीन असती. समुद्र खारा ठेवावा की गोड, हत्तीला सोंड पुढून लावावी की मागून, यावर त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या असत्या, आणि माणूस या प्राण्याबद्दल तर म्हणाले असते, "घाई कायची हाय? पाहू एखादा उन्हाळा." साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तुमच्याकडे नुसतं साडू म्हणत असतील. आम्ही वऱ्हाडातली माणसं त्याला भाऊ जोडतो, आणि ते बरोबरच आहे, कारण एकाच सासऱ्याच्या तावडीत सापडलेली दोन माणसं भाऊ होतील नाहीतर काय होतील? ताईंना पाहायला हे गृहस्थ गेले, पोहे खाल्ले, मुलगी पसंत पडली, ती पसंती त्यांच्या तोंडावर बैठकीतल्या सगळ्यांना दिसली, आणि हे म्हणाले, "विचार करून सांगतो." त्यांचा विचार चालू असतानाच धाकटीसाठी मी गेलो आणि बशी खाली ठेवायच्या आत हो म्हणून मोकळा झालो. शेवटी सासऱ्यांनी वैतागून त्यांना निरोप धाडला, "मांडव टाकून राह्यलो. धाकटीचं लगन त लागनच. तुमाले यायचं असन त नवरदेव म्हणून या, नाही त पाहुणे म्हणून या." ते नवरदेव म्हणून आले. तरी अक्षता पडेपर्यंत सासऱ्यांच्या जिवात जीव नव्हता.

मी स्वतः तापट माणूस आहे. माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि या धंद्यात पाऊस जेवढा विचार करून येतो तेवढा विचार मला पुरतो. त्यावर आणखी माणसांनी केलेला मला सोसत नाही. त्यामुळे साडभाऊंबरोबर गुजरीत भाजी घ्यायला जाणं ही माझ्या संसारातली एक मोठी शिक्षा होती. ते वांगं उचलत, उन्हाकडे धरत, देठ पाहत, परत ठेवत, दुसरं उचलत, आणि मग पहिल्याची आठवण येऊन ते शोधायला लागत. एकदा मळ्यातून भाजी घेऊन येणाऱ्या माळीणबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "काहो भाऊ, वांगे घ्याले आले का पोरगी पाह्याले?" आख्खी गुजरी हसली. साडभाऊही हसले, आणि म्हणाले, "पोरगी पाह्याले एवढा टाइम नाही लागत." शेजारी ताई उभ्या होत्या. त्यांनी आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं की मीच दुसरीकडे तोंड फिरवलं. घरी जाताना वांगी त्यांनीच घेतली, डोळे मिटून, समोर येतील ती. असा तो संसार चालत होता. हे विचार करायचे, ताई ठरवायच्या, आणि ठरलेलं आपल्याच विचारातून निघालं असं समजून हे समाधानानं झोपायचे.

मग त्यांची लेक पुण्याला बाळंत झाली आणि ताई तिकडे गेल्या. सव्वा महिन्यासाठी गेल्या होत्या. सव्वा महिन्याचे सहा महिने झाले, लेकीची सुट्टी संपली, पोट्टं कोणापाशी ठेवायचं हा प्रश्न आला, आणि बघता बघता दोन वर्षं झाली. साडभाऊ तोवर तहसिलीतल्या नोकरीतून निवृत्त झालेले. घरात एकटे. वरणाला फोडणी आधी द्यावी की नंतर, यावर विचार करता करता वरण थंड व्हायचं आणि ते तसंच खायचे. माझी बायको रोज डबा पाठवायला तयार होती, पण ते म्हणायचे, "रोज नको. एक दिवसाआड पाठव. मंग आज येते का उद्या येते, हे पाहाले बरं वाटते." एकट्या माणसाला वाट पाहायला काहीतरी लागतं, हे मला तेव्हा काही कळलं नाही. मला वाटलं, आहे आपलं एकेकाचं चक्रमपण.

आता चौकाबद्दल सांगितलं पाहिजे. माझं दुकान ज्या चौकात आहे त्याला नाव चांगलं मोठ्या माणसाचं दिलेलं आहे, पण सगळे त्याला सिग्नलचा चौक म्हणतात, कारण गावात सिग्नल तेवढा एकच. एकीकडून मानोऱ्याचा रस्ता येतो, समोरून कामरगावचा. सिग्नल लागला तेव्हा लाल दिवा म्हणजे थांबायचं हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त थांबायचं कोणी, यावर गावाचं एकमत नव्हतं. पुढं तेही झालं. राहिला तो वळणाचा प्रश्न. डावीकडे वळणाऱ्याचं काही नसतं, तो कडेकडेनं सटकतो. खरा तमाशा उजवीकडे वळणाऱ्याचा. हिरवा दिवा त्यालाही लागतो आणि समोरून सरळ येणाऱ्यालाही लागतो. हा चौकाच्या मधात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, यांचं जाऊ दे. ते म्हणतात, हा थांबलाच आहे तर आपण निघू. तेवढ्यात दिवा लाल, आणि हा पठ्ठ्या मधातच, चारी बाजूंच्या शिव्या खात. म्हणून काही लोकांची मागणी होती की उजवीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळा हिरवा बाण लावा. बाकीचे म्हणायचे, आधीच लाल दिव्यात अर्धा जनम चालला, त्यात अजून बाण कायले?

एका भर उन्हाच्या दुपारी नगरपरिषदेतला तरुण इंजिनिअर माझ्या दुकानात पाणी प्यायला थांबला. ओसरीवर साडभाऊ बसलेले. जाता जाता तो सहज म्हणाला, "काका, तुम्ही इथंच बसता ना? जरा लक्ष ठेवून सांगा मला, बाण लागतो का नाही ते." मोटारसायकलला किक मारेपर्यंत तो हे विसरलाही असेल. पण आयुष्यात पहिल्यांदा साडभाऊंकडे कोणीतरी निर्णय मागितला होता. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले, माझी खुर्ची ओसरीच्या टोकाला सरकवून चौकाकडे तोंड करून बसले, आणि विचारेल त्याला सांगू लागले, "सायबानं मले जबाबदारी देल्ली हाय." कागदावर मात्र एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं की ठरल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

काय त्यांचं ते निरीक्षण! बाजाराच्या दिवसाची गर्दी ते धरत नसत, कारण ती रोजची नसते. आणि रोजची धरत नसत, कारण तिच्यात बाजार नसतो. आमच्याकडे गाडीला इंडिकेटर असतो तो कंपनीनं दिला म्हणून. वळायचं असलं की कोणी उजवा पाय बाहेर काढतो, कोणी नुसती हनुवटी फिरवतो, आणि डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन सायकल हाणणारा तर काहीच करत नाही, वळून झाल्यावर मागं पाहतो. हे सगळे प्रकार साडभाऊ मला ओसरीवरून समजावून सांगत, गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना. एक दिवस म्हणाले, "साडभाऊ, एक गोष्ट पक्की झाली. जेच्या मांगं बायको बसली हाय त्याले बाण लागत नाही. ते आपोआप हात बाहेर काढते." मी हसलो. मग मला आठवलं की स्कूटरवर यांच्या मागं ताई बसायच्या तेव्हा उजवा हात असा लांब काढायच्या की समोरचा ट्रक थांबावा. ताई गेल्यापासून हे उजवीकडे वळतच नव्हते. माझं दुकान सोडून उजवीकडे वळलं की तिसरं घर त्यांचं. पण हे डावीकडे जात, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, अर्ध्या गावाला वळसा घालून घरी पोचत. विचारलं तर म्हणत, "तीन डावे मिळून एक उजवा होते. हिशोब बरोबर हाय." हिशेब बरोबरच होता. पण भरल्या गावात एक माणूस रोज संध्याकाळी असा फिरून घरी जातो, हे बरोबर नव्हतं, आणि मी आपला त्यावर दुकानात विनोद करत होतो.

चौकात अडकलेले सगळे त्यांना ओळखायला लागले. मधात उभा राहिलेला जीपवाला ओरडे, "काका, ठरलं का?" हे हात हलवून म्हणत, "पाहून राह्यलो!" आणि पुण्याला कधी जाता, असं कोणी विचारलं की उत्तर तयार असे, "चौकाचं ठरू द्या. ठरलं का चाललो." रोज दिवेलागणीला ते त्याच खुर्चीवरून ताईंना फोन लावत. ऐकायला कमी येतं म्हणून फोनचा आवाज पूर्ण वाढवून, पलीकडचंही सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा. "जेवली का?" "व्हायचं हाय. तुमी?" "करीन." "चौकाचं ठरलं?" "पाहून राह्यलो." "बरं." मग दोघंही काही बोलत नसत, पण फोनही ठेवत नसत. पलीकडे पोट्टं रडलं की ताई म्हणत, "ठेवते." फोन बंद झाल्यावरही साडभाऊ जरा वेळ तो कानाला धरून बसत.

एक दिवस मी भडकलो. बियाण्याची गाडी उतरत होती, हमाल आले नव्हते, आणि हे मला समजावत होते की तूर निघेपर्यंत बाणाबद्दल बोलणं घाईचं होईल. मी म्हणालो, "अहो, लावा म्हणा नाही तर नका लावू म्हणा! तिकडे ताई वाट पाहत असतील. ठरवून टाका न जा पुण्याले!" ते चौकाकडेच पाहत राहिले. मग इतक्या हळू बोलले की त्यांचा आवाजच वाटेना. "साडभाऊ, लेकीच्या घरी बापानं बिनबोलावता जावं का?" मी म्हणालो, "म्हणजे? कोणी बोलावलं नाही तुमाले?" ते म्हणाले, "दोन वर्षं झाले. रोज फोन करतो. 'या' म्हणून कोणी नाही म्हटलं. लेक नाही, जवाई नाही. हे बी नाही." 'हे' म्हणजे ताई. "जागा नसन त्याईच्याकडे. दोन खोल्या हायेत म्हणते. पण लोकाईले काय सांगू? म्हणून म्हणतो, चौकाचं ठरू द्या."

माझ्या हातात बियाण्याची पिशवी होती, ती तशीच राहिली. इतके दिवस मी समजत होतो की या माणसाला ठरवता येत नाही म्हणून तो इथं बसला आहे. या माणसानं तर केव्हाच ठरवलेलं होतं, बॅगसुद्धा भरून ठेवली असेल. चौकाचा निकाल लागला तर त्यांना गावाला सांगावं लागलं असतं की मला कोणी बोलावत नाही, आणि ते टाळायला हा माणूस ऊनपाण्यात खुर्ची टाकून बसला होता. मी बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "मी ताईले विचारू का?" मी म्हणालो, "नको. नवरा-बायकोच्या मधात कायले पडते?" आम्ही दोघंही फार शहाणे, त्यामुळे कोणीच काही विचारलं नाही.

आणि नेमका तेव्हाच तो इंजिनिअर परत आला. या वेळी पाणी प्यायला नव्हे. म्हणाला, "काका, बाणाला मंजुरी मिळतेय. लोकांचं मत मागितलंय. तुमच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही, तुम्ही सांगाल ते मी कळवतो." साडभाऊंच्या कपाळावर घाम आला. म्हणाले, तूर निघू द्या. तूर निघाली. मग म्हणाले, लग्नसराई होऊ द्या. इंजिनिअर भला पोरगा, तो थांबला. मला सगळं कळत होतं, म्हणून मीही त्याला चहा पाजून म्हणत असे, "थांबा हो, वयस्क माणूस आहे, पाहू द्या अजून थोडं."

त्या लग्नसराईतच ते झालं. मानोऱ्याकडून काळीपिवळी जीप आली, तांड्यावरची माणसं ऊसतोडीहून परत चालली होती. टपावर गोधड्या, भांडी, कोंबड्यांची डालगी. उजवीकडे वळायला जीप मधात थांबली. समोरच्या गाड्या संपेनात. दिवा लाल झाला आणि बाजूनं सुटलेल्या ट्रॅक्टरची ट्रॉली जीपच्या मागच्या अंगाला घासून गेली. दाराशी बसलेली एक बुढी खाली पडली. जर्मलची पातेली घरंगळत माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत आली. मी काउंटरमागून बाहेर यायच्या आत साडभाऊ चौकाच्या मधात पोचले होते, दोन्ही हात वर करून, सगळ्या हॉर्नांच्या वर ओरडत, "थांबा रे! दिसत नाही का तुमाले?" मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. बुढीला आम्ही ओसरीवर आणून बसवलं. मनगट सुजलं होतं, बाकी देवाच्या दयेनं काही नव्हतं. साडभाऊ तिला पाणी देत म्हणाले, "माय, थोडं थांबाव न." बुढी म्हणाली, "आमी त थांबलोच होतो बाप्पा. किती थांबाव माणसानं?"

तिला दवाखान्यात धाडून ते परत आले, खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच मला म्हणाले, "लागते. बाण लागते. लावा फोन त्या इंजिनिअरले." मी म्हणालो, "साडभाऊ, विचार करा. मंग पुण्याचं काय सांगसान लोकाईले?" आयुष्यात त्यांना विचार कर म्हणायची वेळ माझ्यावर आली होती. ते माझ्यावर खेकसले, तेही पहिल्यांदाच. "त्या बुढीले काय सांगू मी? मले कोणी बोलावलं नाही म्हणून तू चौकात मधात बस, असं सांगू?" मी फोन लावला.

बाण लागला. चकचकीत, हिरवागार. पहिल्या दिवशी चौकातल्या मंडळींनी साडभाऊंचा सत्कार केला. पानठेलेवाला, फळवाले, जीपवाले, सगळे माझ्या ओसरीवर जमले. शाल दिली, नारळ दिला, इंजिनिअरनं चार शब्द सांगितले. आणि मग फळवाल्यानं खिशातून पुण्याच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं. सगळ्यांनी मिळून काढलेलं, त्याच संध्याकाळचं, खिडकीजवळचं. "काका, आमच्यापायी इतके दिवस अडकले तुमी. आता चौकाचं ठरलं. जा आता काकूपाशी!" टाळ्या पडल्या. इतकं प्रेमानं कोणी कोणाला खड्ड्यात लोटलेलं मी पाहिलेलं नाही. साडभाऊंनी शाल सावरली, तिकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

चौकाच्या अलीकडे ट्रॅव्हल्स थांबते तिथं मी त्यांना पोचवायला गेलो. बॅग खरंच भरलेली होती, कुलुपाला गंज आला होता. मी म्हणालो, "ताईंना फोन करू?" ते म्हणाले, "करा." मग म्हणाले, "नका करू." बस आली, पाय पायरीवर ठेवला, परत खाली घेतला. "बस निघाल्यावर करा, साडभाऊ. निघाल्यावर मंग कोणी 'नका येऊ' म्हणू शकत नाही." ते चढले. मी मनात म्हणत होतो, आता ही गाडी चौकात नेहमीसारखी अडकेल, आणि तेवढ्यात माझं ताईंशी बोलणं होईल, काही वाकडंतिकडं निघालं तर धावत जाऊन यांना उतरवून घेईन. पण बाण लागला होता. हिरवा झाला, आणि बस एका दमात वळून निघून गेली. खिडकीतला हातसुद्धा मला नीट दिसला नाही.

मग मी फोन लावला. म्हणालो, "ताई, साडभाऊ बसले गाडीत. सकाळी येतील." ताई म्हणाल्या, "मले न्याले येऊन राह्यले का राह्याले येऊन राह्यले, भाऊजी?" मी म्हणालो, "ते त्याईले तरी कुठी माहीत असन!" त्या रडायला लागल्या. "दोन वर्षं झाले, मले वाटे आज न्याले येतीन, उद्या येतीन. बायको गेली त नवऱ्यानं घ्याले याव लागते न? रोज विचारलं मी, चौकाचं ठरलं का. दुसरं काय विचारू?" मी म्हणालो, "मंग एकदा 'या' काहून नाही म्हटलं तुमी?" ताई म्हणाल्या, "लेकीचं घर हाय भाऊजी ते. मी कोण बोलावणारी?"

या गोष्टीला बरेच महिने झाले. साडभाऊ अजून पुण्यालाच आहेत. हॉलमध्ये नातवाच्या खेळण्यांशेजारी त्यांची गादी असते, दिवसा ती उचलून ठेवतात. लेक-जावई काही बोलत नाहीत, चांगली आहेत बिचारी. पण आपण जास्तीचे आहोत हे कोणाला बोलून दाखवावं लागत नाही. आणि लेकीची सोय मोडून बायकोला 'चल' कसं म्हणावं, हे त्यांना ठरवता येत नाही. चौकात आता कोणी अडकत नाही, त्यामुळे माझ्या दुकानासमोर कोणी थांबतही नाही. मी ज्या बडबडीला वैतागायचो तिच्यावाचून मला करमत नाही, हे मी सरळ कबूल करतो. दिवेलागणीला ते आता मला फोन करतात. "चौक कसा हाय?" "चांगला चालू हाय." मग आम्हा दोघांनाही काही सुचत नाही, आणि कोणी फोन ठेवत नाही.

काल मात्र मला राहवलं नाही. नातू येत्या जूनपासून शाळेत जाणार असं बायकोकडून कळलं होतं. मी म्हणालो, "साडभाऊ, या आता. तुमी या, ताईले घेऊन या. घर उघडून, झाडून ठेवतो. मी बोलावून राह्यलो." पलीकडे पोट्ट्याच्या खेळण्याचा आवाज येत होता, कुकरची शिटी झाली. मग लांबून ताईंचा आवाज आला, "काय म्हणतेत भाऊजी?" आणि साडभाऊ फोन कानावरून काढायचा विसरून त्यांना म्हणाले, "बोलावून राह्यले. आपल्याले."